पांढरेबुवा आणि एकतीस मंडळी

३ मार्च, मंगळवार

चार महिने मिळाले! तीस जूनपर्यंत तळ्याला कुणी हात लावणार नाही. मोठे भाऊजी सगळ्यांसमोर बोलले आहेत, आता त्यांना मागे फिरता यायचं नाही.

झालं असं. सकाळी चौघं चहाला बसलो होतो. भाऊजी सहज बोलावं तसं बोलले, "मागचं तळं बुजवून टाकू. माती सांगतो." जसं काही फाटकी सतरंजी टाकायची आहे! डास होतात म्हणाले. काठ निसरडा आहे, कुणाचा पाय गेला म्हणजे? मी म्हटलं, "सव्वीस वर्षांत कुणाचा गेला?" जाऊबाई म्हणाल्या, "माझी बादली गेली होती." हे मात्र तोंडाला कुलूप लावून बशीत बघत बसलेले. थोरल्या भावापुढे ह्यांची जीभ कधी उचलली आहे!

मग मीच बोलले. म्हटलं, डास राहणार नाहीत आणि तळं आपला खर्च आपण काढील. मासे सोडते. भाऊजी हसायला लागले — "खायला?" देवा रे! म्हटलं, "बघायला. निराळ्या जातीचे येतात. लोक काचेच्या पेटीत हौसेनं ठेवतात, पिल्लं विकत घेतात." रद्दीत निघालेल्या एका अंकात वाचलं होतं, कात्रण डाळीच्या डब्याखाली जपून ठेवलंय. ते आणून दाखवलं.

भाऊजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. "बरं," भाऊजी म्हणाले, "जूनअखेरपर्यंत तळ्यानं स्वतःपुरतं कमावलं तर राहील. नाहीतर माती."

घराला विटा पाडल्या तेव्हाचा तो खड्डा. तीन खोल्यांएवढा, छातीभर पाणी. एका बाजूला पाच पायऱ्या. त्यातल्या तिसऱ्या पायरीवर बसून मी रोज पहाटे माळ ओढते. घरातल्या कुठल्याही खोलीत बसलं तरी कुणाची ना कुणाची हाक येते. तिथं येत नाही. एवढंच. पण हे चहाच्या टेबलावर सांगायचं कसं? माशांचं सांगता येतं.

७ मार्च, शनिवार

मासेवाल्याकडे जाऊन आले. मोठी शेड, सिमेंटच्या चाळीस टाक्या, सगळीकडे पंपांची घरघर. मी पदर सावरून प्रत्येक टाकीत वाकून बघत होते — लहान पोरीसारखी! काय एकेक! लांब परांचे मासे, चालले की मागे पदर लोळल्यासारखे पर लोळतात. ठिपक्याठिपक्यांचे — निळा, काळा, शेंदरी, अगदी छापील कापडाचे. आणि एक जात अशी की अंगावर खवले नाहीतच, फक्त चार-सहा, मोठे, पत्र्याची ठिगळं लावल्यासारखे.

"हा आजारी आहे का हो?"

"काकू, हा जन्मतःच असा. ह्याचीच तर किंमत."

"अर्धा उघडा मासा आणि किंमत पूर्ण?"

मासेवाला मोठ्यांदा हसला. भला माणूस आहे, पण बोलायला लागला की थांबत नाही. शेवटच्या टाकीत एकटाच एक — हातभर लांब, दुधासारखा पांढरा, गुलाबी डोळे आणि तोंडाला मिशा! पाण्याच्या तळाशी डोळे न मिटता बसला होता, ध्यान लावून. कुणी घेत नाही म्हणाला. लोकांना भीती वाटते. मी म्हटलं, "कुणी घेत नाही तर मला कमीत द्या." दिला!

भिशीचे होते त्यातून घेतले. एकूण बत्तीस. पदरवाल्या वीस (बोटभर आहेत, लहान घेतल्या म्हणून स्वस्त), छापील सहा (हे मोठे, अंडी घालण्याजोगे), ठिगळवाले पाच, आणि पांढरेबुवा एक.

रविवारी आणून देणार आहे. झोप कसली येते!

८ मार्च, रविवार

आले! आले! आले!

पिशव्या फुगवलेल्या, आत मासे. मला वाटलं, गाठ सोडायची आणि ओतायचं. मासेवाला ओरडला, "काकू, थांबा! मरतील!" पिशवी तशीच तळ्यात तरंगत ठेवायची अर्धा तास. मग थोडं तळ्याचं पाणी पिशवीत, परत थांबायचं, परत थोडं. आतलं पाणी बाहेरच्यासारखं झालं की मग त्यांनी आपणहून निघायचं. नवीन सुनेला उंबऱ्यात उभं करून ठेवतात तसंच हे. मी पायरीवर बसून त्यांच्यासाठी एक माळ केली. पुरी होईपर्यंत बरोबर अर्धा तास.

पदरवाल्या भराभर गेल्या. ठिगळवाले ढकलाढकली करत. बुवा सगळ्यांत शेवटी. पिशवीच्या तोंडाशी आले, थांबले, विचार केला, आणि तळाला गेले ते दिसेनातच.

जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "धाकटे, पैसे पाण्यात टाकताना पहिल्यांदाच बघितलं हो कुणाला." पण गेल्या नाहीत. सगळे सोडून होईपर्यंत उभ्या होत्या.

ह्यांना म्हटलं, "ते बघा, ते बघा, छापील!" म्हणाले, "छान आहेत." बघत होते भलतीकडे. ह्यांचं लक्ष कधी जागेवर असतं!

९ मार्च, सोमवार

बत्तीस.

१० मार्च, मंगळवार

बत्तीस. मोजायची युक्ती सापडली — पायरीशी कणकेचे बारीक गोळे टाकायचे, सगळे येतात. दोनदा सारखा आकडा आला तरच वहीत लिहायचा.

१३ मार्च, शुक्रवार

मासेवाल्यानं खाण्याचं पाकीट दिलं होतं. आज चष्मा लावून मागचं वाचलं. पहिलंच — माशांचं चूर्ण!! माशांना मासेच? माझ्या हातून? पाकीट घेऊन तशीच त्याच्याकडे गेले. "काकू, तळ्यात काय ते देवाचं नाव घेऊन उपाशी राहतात होय? एकमेकांचंच खातात की." म्हटलं, ते त्यांनी त्यांच्या घरी केलं असेल. माझ्या तळ्यात नाही. पैसे परत घेतले. शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून गोळ्या केल्या, उन्हात वाळवल्या. खातात की छान! पाकिटापेक्षा खर्च निम्म्याहून कमी.

हे संध्याकाळी ओट्यावर बसले होते. म्हणाले, "सांग, आज कोण काय करत होतं." मी अर्धा तास सांगत होते! कोण पुढे, कोण कुणाच्या मागे, पाण्याचा रंग कसा होता. मधेमधे विचारतात — "आणि बुवा?" नोकरीत असताना कधी घरातलं विचारलं नाही. वजनकाट्यावरची नोकरी चार वर्षं उरली असताना डिसेंबरात सोडली तेव्हा मला राग आला होता. कंटाळा आला म्हणाले. आता वाटतं, बरंच झालं.

१९ मार्च, गुरुवार

आज माझा उपास. घरात चूल अर्धी, आणि तळ्यात मेजवानी, हे काही मनाला पटेना. त्यांनाही एक दिवस विश्रांती दिली. पोटाला बरंच असतं. मागच्या गुरुवारी मात्र विसरून घातलं होतं.

२० मार्च, शुक्रवार

तीस. पदरवाल्या दोन कमी. तीनदा मोजले. पानात लपल्या असतील.

२२ मार्च, रविवार

डास खरंच कमी झाले. जाऊबाई स्वतः म्हणाल्या! म्हणजे असं म्हणाल्या, "काल मच्छरदाणी लावायची विसरले, तर मेले आलेच नाहीत." माझं नाव घेतलं नाही. तरी चालेल.

हे आणि मी तळ्याकडे जात होतो, तर ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. भर दिवसा! लग्नात धरला नव्हता तसा. जाऊबाईंनी खिडकीतून बघितलंच. "अगं बाई! आमच्याकडे नवीन लग्न झालंय का कुणाचं?" मी लाजून चूर. ह्यांनी हात काढला नाही. पायरीपर्यंत तसाच.

माशांनी काय काय दिलं आहे मला!

२७ मार्च, शुक्रवार

अठ्ठावीस. आणखी दोन पदरवाल्या गेल्या. पक्षी येतो का? दिवसभर ओट्यावर बसून पाहिलं, एक कावळा, तोही प्यायला. ह्यांना मोजायला बसवलं तर म्हणाले चाळीस! मी कपाळावर हात मारला. "आकड्यात जन्म घालवलात ना तुम्ही?" हसले नुसते.

३ एप्रिल, शुक्रवार

सव्वीस... छे, पंचवीस. तीन गेल्या. हिशेबाची वही घेऊन बसले. रोजचा आकडा लिहिते म्हणून बरं. वरून खाली बोट फिरवलं आणि एकदम दिसलं —

सोमवार, मंगळवार, बुधवार, आकडा हलत नाही. घटतो तो शुक्रवारी. दर शुक्रवारी. म्हणजे गुरुवारी. म्हणजे माझ्या उपासाच्या दिवशी!

मी उपास करते, मासे उपाशी राहतात, आणि हातभर बुवा माझ्या गुरुवारी बोटभर पदरवाल्या खातात!

आधी हसूच आलं, मग रडू. सात जीव. माझ्या भक्तीपायी. मासेवाल्याला फोन केला, तो तर हसून हसून फोनच ठेवायच्या बेतात. "काकू, उपास तुम्ही करा ना! त्याला कशाला वाटेकरी करता? आणि नुसत्या पेंडेवर त्याची भूक जाते होय? पाकीट न्या."

देवापुढे बसले. माफी मागितली. मग विचारलं, काय करू? उत्तर आलं नाही, पण जाऊबाई आल्या. सगळं ऐकलं. "आण ते पाकीट. तुझे हात नकोत ना? माझे आहेत. आमच्याकडे सोवळंओवळं कमीच." म्हणजे आता बुवांना जाऊबाई वाढणार, बाकीच्यांना मी!

गुरुवारी सगळ्यांना. उपास माझा एकटीचा.

१० एप्रिल, शुक्रवार

पंचवीस. पंचवीसच!! शुक्रवार असून!

१७ एप्रिल, शुक्रवार

पंचवीस. जाऊबाई बुवांशी बोलतात. मी आडून ऐकलं. "जेव रे बाबा, जेव, नाहीतर ती तुला दीक्षा देईल."

२६ एप्रिल, रविवार

भाऊजी येऊन उभे राहिले. तळ्यातून आलेला पैसा किती, म्हणे. म्हटलं, अजून शून्य. खर्च लिहिलेला दाखवला. "दोन महिने राहिले," म्हणाले. मग तळ्याच्या कडेनं चालत गेले, मधेच थांबून पायानं माती दाबून बघत होते. पायरीच्या बाजूला एक वीट सुटली आहे, ती हलवून बघितली. बुजवायचा अंदाज घेत असणार, दुसरं काय!

आता छापील मंडळींनी मनावर घेतलं पाहिजे. रोज पहाटे सांगते त्यांना.

५ मे, मंगळवार

मासेवाल्यानं युक्ती सांगितली. अंडी घालायला त्यांना काहीतरी झुबकेदार लागतं, त्याला अंडी चिकटतात. विकतचे झुबके आहेत त्याच्याकडे. कशाला विकतचे! जुन्या नायलॉनच्या दोरीचे हातभर तुकडे केले, पीळ उलगडले, विंचरले — हो, जुन्या फणीनं विंचरले — आणि बाटलीच्या बुचाला बांधून तरंगत सोडले. आठ झुबके, खर्च शून्य. अंडी दिसली की झुबका लगेच उचलून दुसऱ्या पाण्यात न्यायचा, नाहीतर आईबापच खाऊन टाकतात. ऐकून अंगावर काटा आला.

दुसरं पाणी म्हणजे — जाऊबाईंच्या धुण्याची टाकी. अजून विचारलं नाही.

६ मे, बुधवार

विचारलं. "आणि कपडे कुठं धुवू? तुझ्या माशांचं बाळंतपण होईपर्यंत मळकी फिरू?" म्हटलं, तुमचे कपडे मी धुते. दोन महिने. "माझ्या चादरीसुद्धा?" चादरीसुद्धा. टाकी मिळाली! आज तीन वेळा घासली, साबणाचा अंश राहायला नको.

१४ मे, गुरुवार

पहाटे माळ हातात, डोळे मिटलेले, आणि पाण्यात धडाधड आवाज! उघडले तर छापील मंडळी वेड्यासारखी एकमेकांमागे, झुबक्यांत घुसतात, बाहेर पडतात, पाणी उडतंय! माझी माळ अर्धवट राहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. देव समजून घेईल, त्यालाही जन्म द्यायचं काम माहीत आहे.

झुबका उचलला. दोऱ्यादोऱ्याला बारीक बारीक साबुदाणे. शेकड्यांनी!! मी तिथूनच ओरडले, "जाऊबाई!" त्या ओल्या हातांनी धावत, भाऊजी वर्तमानपत्र घेऊन. हे ओट्यावर उभे राहिले, "काय झालं? काय झालं? पडलीस का?" चेहरा पांढराफटक. म्हटलं, "आजोबा झालात!" तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. एवढं घाबरायचं काय त्यात!

सगळे झुबके टाकीत. संध्याकाळपर्यंत चार वेळा बघून आले.

१८ मे, सोमवार

फुटली! पापणीच्या केसाएवढी पिल्लं, टाकीच्या भिंतीला चिकटून बसली आहेत. मोजायचं कसं? मोजता येत नाही!! वहीत लिहिलं — "अगणित."

१९ मे, मंगळवार

उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्यायचा म्हणे. मी अंड्याला हात लावत नाही. जाऊबाईंनी लावला. मी फडकं धरलं, नजर दुसरीकडे ठेवून. "फडकं सरळ धर गं! देव नाही बघत, मी बघतेय." हसून हसून पोट दुखलं. चाळीस वर्षांच्या बायका असतो तर कुणी म्हणालं असतं वेड लागलं. आम्ही तर पंचावन्नच्या!

७ जून, रविवार

नखाएवढी झाली. सगळी मातकट, तपकिरी! ठिपका नाही, रंग नाही. जाऊबाईंचा चेहरा पडला. "हे तर नाल्यातले दिसतात गं." मलाही धसका बसला. मासेवाला म्हणाला, "धीर धरा काकू, रंग मागून चढतो. काही लवकर चढतील, काही आयुष्यभर चढणार नाहीत." तीन आठवडे हातात आहेत.

हे म्हणाले, "रंग नसला तर काय बिघडलं? पोहतात ना छान?" मी चिडले. म्हटलं, "तुम्हाला कशातच फरक दिसत नाही!" हे उठून आत गेले, दाराच्या चौकटीला खांदा आपटला. पाहून चालतील तर ना. नंतर मला वाईट वाटलं. तेल चोळून दिलं. ह्यांनी माझा हात थोडा वेळ धरून ठेवला.

१६ जून, मंगळवार

एक निळं!! एकच. पण निळं! पाठीवर काळा शिंतोडा!

१७ जून, बुधवार

चौदा.

१९ जून, शुक्रवार

साठ तरी असतील! शेंदरी, निळे, कवडीसारखे ठिपक्यांचे. टाकीत बघितलं की चिटाच्या कापडाचे तुकडे कुणी भिरकावल्यासारखं. जाऊबाई दुपारी झोपत नाहीत आता. स्टूल टाकून बसतात टाकीपाशी. "हा माझा, हाही माझा, तो भित्रा तुझा."

ह्यांना एकेकाचा रंग सांगितला. डोळे मिटून ऐकत होते. असं ऐकणारा माणूस मिळायला भाग्य लागतं.

२७ जून, शनिवार

मासेवाला आला, जाळी घेऊन. मी त्याला निवडू दिलं नाही, मीच निवडून दिले. एकशे बासष्ट पिल्लं घेतली! घासाघीस झाली. तो म्हणाला, "काकू, तुम्ही माझ्याकडे नोकरीला या." म्हटलं, "परवडणार नाही तुम्हाला." एका दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतल्या पेटीसाठी वीस वेगळी सांगून ठेवली आहेत, तीही गेली.

पिशव्या गेल्या तेव्हा मात्र मी दारापर्यंत मागेमागे गेले. जाऊबाईंनी माझा तो भित्रा जाऊ दिला नाही. त्याला पाण्याच्या मगात घालून पदराखाली धरून उभ्या होत्या!

३० जून, मंगळवार

चहाच्या टेबलावर वही ठेवली. चार महिने ह्या दिवसाची वाट पाहिली होती.

भाऊजी म्हणाले, "वाच." मी ह्यांच्यापुढे वही सरकवली — ह्यांनी वाचावं, ह्यांनाही मान मिळावा म्हणून. ह्यांनी ती परत माझ्याकडे ढकलली. "तुझी वही, तूच वाच." वाचली. मासे, पिशव्या, पेंड, पाकिटं (जाऊबाईंच्या हातची), गाडीभाडं. मग जमा. आणि खाली फरक — जमेच्या बाजूला!! फार नाही. पण जमेच्या!

भाऊजींनी वही मिटली. मला वाटलं, आता काहीतरी खुसपट काढणार. त्यांनी माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे पाहिलं. "काय करायचं?" धाकट्या भावाला विचारलं, मला नाही!

आणि हे बोलले. थोरल्या भावापुढे, आयुष्यात पहिल्यांदा, मान वर करून. "राहू दे, दादा. तिचं आहे ते."

मी तिथेच रडले. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, जिंकलीस ना? मग नाक पूस."

ह्यांना साखर जास्त घालून दुसरा चहा केला. आज काटकसर नाही.

तळं राहिलं! देवापुढे दोन वाती लावल्या. पुढच्या वर्षी पायऱ्या वाढवीन, काठाला फरशी घालीन, हे आणि मी रोज तिन्हीसांजेला तिथंच बसू.

१ जुलै, बुधवार

जाऊबाईंना तेच सांगत होते, पायऱ्यांचं, तिन्हीसांजेचं. त्यांनी हातातला मग खाली ठेवला. म्हणाल्या, "धाकटे, माझ्याच्यानं राहवत नाही आता. तळं बुजवा हे आमच्या ह्यांचं म्हणणं नव्हतं गं. तुझ्या नवऱ्यानं सांगायला लावलं होतं. नोव्हेंबरात काट्यावरचा आकडा दिसेना झाला त्याला. एकदा पायरीवरून पाण्यात पडता पडता राहिला. 'मला कडा दिसत नाही दादा, पण तिला कळू देऊ नका,' म्हणाला."

संध्याकाळ कशी केली माहीत नाही. तळ्याकडे गेले नाही. ते राहो, न राहो.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उद्याचा नऊचा नंबर लावला. ह्यांना म्हटलं, मला हल्ली नीट दिसत नाही, दाखवून यायचंय, एकटीला जायची भीती वाटते.

लगेच म्हणाले, "घाबरायचं काय त्यात. मी येतो ना सोबत."